शेवटच्या पंधरा मीटरांसाठी: जिओकॅशिंगला हातातले जीपीएस यंत्र कसे निवडावे

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याचा खेळ, आणि त्यात यंत्राची खरी परीक्षा डबा पंधरा मीटरांवर आल्यानंतर सुरू होते. तीन किलोमीटरवरून पायवाटेच्या तोंडापर्यंत कोणतेही यंत्र, किंबहुना कोणताही बरा फोन, आपल्याला आणून सोडतो. पण समोर करवंदीची जाळी, उजवीकडे कातळ, डोक्यावर दाट झाड आणि पडद्यावर ‘11 मीटर, वायव्य’ अशी नोंद असताना पुढचे पाऊल कोणीकडे टाकावे, हे सांगणे सगळ्या यंत्रांना सारखे जमत नाही. म्हणून यंत्र निवडताना खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांपेक्षा या पंधरा मीटरांचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना हा खेळ नवा आहे, त्यांच्यासाठी त्याची ओळख थोडक्यात करून देते. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली आणि तोवर शंभरेक मीटर भरकटणारी साधी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरांच्या आत जागा दाखवू लागली. दुसऱ्याच दिवशी, 3 मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली दडवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि लोकांना ती शोधण्याचे आवाहन केले. त्यातून वाढलेला हा खेळ आज जगभर खेळला जातो. कोणीतरी डबा लपवतो, आकडे जाहीर करतो, शोधणारा तो डबा उघडून आतल्या वहीत सही करतो आणि होता तसा परत ठेवतो. यातल्या ‘कॅश’ शब्दाचा पैशांशी काही संबंध नाही, पण मराठीत तो घोटाळा हमखास होतो, म्हणून या लेखात मी सरळ ‘डबा’ म्हणणार आहे.

पहिली पायरी: यंत्र नेमके कुठे वापरणार, ते ठरवा

अमेरिकेत किंवा जर्मनीत एखाद्या शहराचा नकाशा उघडला, तर डब्यांच्या खुणांनी तो भरून गेलेला दिसतो. महाराष्ट्रात तशी स्थिती नाही. मुंबई-पुण्याकडे काही डबे आहेत, बाकी नकाशा बराचसा मोकळा आहे. त्यामुळे इथल्या माणसाच्या हातातले यंत्र वर्षाचे बहुतेक दिवस सह्याद्रीतल्या वाटा नोंदवण्यासाठी वापरले जाते आणि डबे शोधण्याचा भरगच्च हंगाम येतो तो मुलांकडे परदेशी गेल्यावर. या दोन्ही कामांना पुरणारे यंत्र घेणेच शहाणपणाचे आहे. ज्यांना फक्त शहरातल्या बागांमधून आणि नदीकाठच्या रस्त्यांवरून फिरायचे आहे, त्यांनी खर्च करण्यापूर्वी निदान दहा डबे फोनवर शोधून पाहावेत. 2018 पासून दोन वारंवारितांवर संकेत घेणारे फोन बाजारात आहेत आणि मोकळ्या आकाशाखाली त्यांची अचूकता स्वतंत्र यंत्राच्या तोडीची असते.

फोन कमी पडतो तो वेगळ्या कारणांनी. भर पावसात ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, उलट पाण्याचे थेंब स्वतःच बटणे दाबत सुटतात. एप्रिलच्या उन्हात तो तापून पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो. आणि दिवसभर जीपीएस चालू ठेवल्यावर संध्याकाळी गड उतरताना घरी कळवण्यापुरतीही बॅटरी उरत नाही. हे तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण संकटाच्या वेळी लागणारा फोन आणि वाट दाखवणारे यंत्र एकाच बॅटरीवर अवलंबून असू नयेत.

दुसरी पायरी: अँटेना आणि उपग्रहांचे संकेत

मोकळ्या पठारावर सर्व चांगली यंत्रे तीन ते पाच मीटरांच्या आसपास अचूक असतात. फरक पडतो तो झाडीत आणि कड्याखाली. उपग्रहाचा संकेत थेट न येता कातळावर आपटून येतो, तेव्हा त्याला थोडे अधिक अंतर कापावे लागते आणि यंत्र तो उशीर खरा मानून आपली जागा चुकीची काढते. मी एकदा गडाच्या कड्याला पाठ लावून बसले असताना जागचे न हलता पडद्यावरचे अंतर 6 मीटरांवरून 19 मीटरांवर गेलेले पाहिले. तिथून उठून धारेवर आले, तशी दोन मिनिटांत नोंद स्थिरावली. पडद्यावर ‘अचूकता 4 मीटर’ असे लिहून येते, ते यंत्राचे स्वतःबद्दलचे अनुमान असते आणि परावर्तित संकेतांची पुरती कल्पना त्यात नसते, हे कायम ध्यानात ठेवावे.

या दोषावरचा आजचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे एल-1 आणि एल-5 या दोन्ही वारंवारितांवर संकेत घेणारे यंत्र. एल-5 वरचा सांकेतिक क्रम एल-1 वरच्या जुन्या नागरी क्रमाच्या दहापट वेगाने धावतो, त्यामुळे थेट आलेला संकेत आणि आपटून आलेला संकेत वेगळे ओळखणे सोपे जाते. दुसरा फायदा खास आपल्या भागाचा आहे. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, संकेतांना बराच उशीर लावते, विशेषतः दुपारी. दोन वारंवारितांची तुलना करून हा उशीर मोजता येतो, एकाच वारंवारितेवरून त्याचा फक्त अंदाज बांधावा लागतो. गार्मिन या कंपनीच्या 2020 मधील जीपीएसमॅप 65 मालिकेपासून ही सोय हातातल्या यंत्रांत आली आणि 2023 च्या जीपीएसमॅप 67 मध्येही ती आहे. त्याच कंपनीची ई-ट्रेक्स 22-एक्स आणि 32-एक्स ही लहान, स्वस्त आणि आजही भरपूर वापरली जाणारी यंत्रे मात्र एकाच वारंवारितेवर चालतात.

यंत्र किती देशांच्या उपग्रहांचे संकेत घेते, हेही पाहावे. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास आणि युरोपची गॅलिलिओ या प्रणाली असाव्यात, कारण अरुंद दरीतून आकाशाची एवढीशी फट दिसते आणि त्या फटीत जितके जास्त उपग्रह येतील तितके बरे. आपल्या नाविकचा उल्लेख एखाद्या यंत्राच्या तपशिलात असला तर आनंदच आहे. पण केवळ तेवढ्यासाठी महाग यंत्र घेऊ नये.

अँटेनाच्या घडणीवरून यंत्र धरण्याची पद्धत ठरते आणि ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. ज्या यंत्राच्या डोक्यावर बोटभर जाड खुंटी बाहेर आलेली दिसते, त्यातली अँटेना वेटोळ्याची असते आणि ते यंत्र उभे धरल्यावर उत्तम चालते. सपाट डोक्याच्या लहान यंत्रातली अँटेना चपट्या वडीसारखी असते. ते तळहातावर आडवे, पडदा आभाळाकडे करून धरावे. दोन्ही बाबतीत यंत्र सॅकच्या पट्ट्यावर खांद्यापाशी अडकवलेले चांगले. पँटच्या खिशात ठेवले, तर आपलेच शरीर अर्धे आकाश झाकून टाकते.

तिसरी पायरी: होकायंत्र

पैसे वाचवण्यासाठी लोक नेमका हाच भाग गाळतात आणि पुढे शेवटच्या पंधरा मीटरांत अडतात. ज्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नाही, त्याला आपण चालत असतानाच दिशा कळते, कारण ते दोन लागोपाठच्या जागांवरून दिशा काढते. डब्याजवळ येऊन आपण थांबलो की त्याचा बाण मनाला येईल तसा फिरतो. होकायंत्र असलेल्या यंत्रात उभ्या जागी वळले, तरी बाण योग्य ठिकाणी रोखलेला राहतो. ई-ट्रेक्स 22-एक्स मध्ये हे होकायंत्र नाही, 32-एक्स मध्ये तीन अक्षांचे आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या दोहोंत निवड करण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे. तीन अक्षांचे होकायंत्र यंत्र तिरपे धरले तरी चालते. जुन्या, दोन अक्षांच्या होकायंत्राला मात्र सपाट धरावे लागते.

होकायंत्राला निगा लागते. सेल बदलल्यावर, लांबचा प्रवास केल्यावर किंवा हवेत मोठा फरक पडल्यावर ते यंत्रातल्या सूचनेप्रमाणे फिरवून पुन्हा जुळवून घ्यावे लागते. चुंबक असलेले फोनचे कव्हर, गाडीचे टप, लोखंडी कठडा आणि गडावरची तोफ यांच्यापासून दोन-तीन पावले दूर राहून वाचन घ्यावे. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, तेव्हा यंत्र खडकाला टेकवून दिशा पाहणेही टाळावे.

चौथी पायरी: सेल, बटणे आणि पाणी

सह्याद्रीत वापरायचे असेल, तर पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल-ए आकाराच्या दोन सेलवर, चालणारे यंत्र घ्यावे, असा माझा कल आहे. हे सेल गडाच्या पायथ्याच्या गावात, किराणा दुकानातही मिळतात. आतल्या लिथियम बॅटरीची नवी यंत्रे एका चार्जवर अनेक दिवस चालतात, हे खरे. परंतु पाचेक वर्षांनी ती बॅटरी थकते, तेव्हा ती बदलणे सेल बदलण्याइतके सोपे नसते. दोन सेलवर ई-ट्रेक्स 22-एक्स सुमारे 25 तास चालते आणि जीपीएसमॅप 65 सुमारे 16 तास. 2023 च्या ई-ट्रेक्स एसई साठी कंपनी 168 तासांचा दावा करते. त्या यंत्रात नकाशा नाही आणि पडदा कृष्णधवल आहे, पण ज्याला फक्त डबे शोधायचे आहेत आणि नकाशा फोनवर पाहण्याची तयारी आहे, त्याला ते पुरे पडेल.

रोजच्या वापराला चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल परवडतात. ते 1.2 व्होल्टचे असल्यामुळे यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलावा लागतो. तो न बदलल्यास भरलेले सेलही अर्धे रिकामे दिसतात. राखीव म्हणून सॅकमध्ये न वापरलेल्या लिथियम सेलची एक जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी, कारण ते वजनाला हलके असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात.

बटणे की स्पर्शाचा पडदा, या वादात पावसाळी ट्रेक करणाऱ्याने बटणांकडेच जावे. पाण्यासाठी आयपीएक्स-7 हा दर्जा किमान असावा. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले, तरी आत पाणी शिरणार नाही. पण हा भरवसा मागचे झाकण आणि केबलच्या तोंडावरची रबरी टोपी घट्ट बसलेली असेल तरच खरा ठरतो. खरेदी करताना झाकण तीन-चार वेळा उघडून लावून पाहावे आणि रबराची कड कुठे सुटलेली नाही ना, हे नखाने चाचपावे. पडदा उन्हात पाहावा, दुकानातल्या दिव्याखाली नव्हे. ज्या पडद्यावर ऊन पडले की अक्षरे अधिक ठळक दिसतात, तो आपल्या कामाचा.

पाचवी पायरी: डब्याची सगळी माहिती यंत्रात बसते का

पूर्वी लोक प्रत्येक डब्याचे पान छापून सोबत नेत असत. आता जीपीएक्स ही जागांची माहिती साठवणारी फाइल यंत्रात भरली की डब्याचे वर्णन, आकार, अवघडपणा, वाटेची कठीणता, आधी आलेल्यांच्या नोंदी आणि लपवणाऱ्याने दिलेली सूचना असे सर्व जागेवर वाचता येते. एलओसी या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये फक्त नाव आणि जागा असते. तेव्हा यंत्र जीपीएक्समधली डब्याची पूर्ण माहिती दाखवते का, हे विचारून नव्हे, प्रत्यक्ष एक फाइल भरून पाहावे. जिओकॅशिंग डॉट कॉमच्या सशुल्क सभासदाला एका वेळी 1000 डब्यांची फाइल मागवता येते. परदेशातल्या पंधरा दिवसांच्या मुक्कामाला ती पुरून उरते आणि तिथे इंटरनेट नसले तरी अडत नाही.

2006 च्या सुमाराचे जीपीएसमॅप 60-सीएसएक्स जुन्या बाजारात दिसते. त्याची अँटेना आजही वाखाणण्यासारखी आहे, पण डब्याचे वर्णन त्यात असे भरता येत नाही. जुने यंत्र घेताना एक तपासणी आवर्जून करावी. जीपीएसमधली आठवड्यांची मोजणी 1024 आठवड्यांनी शून्यावर येते आणि 6 एप्रिल 2019 च्या रात्री ती तशी आली. ज्या यंत्रांची आतली प्रणाली अद्ययावत केलेली नाही, त्यांतली काही तेव्हापासून चुकीची तारीख दाखवतात. मोकळ्यावर दहा मिनिटे चालू ठेवून तारीख बरोबर येते का, एवढे पाहिले की ही शंका फिटते.

नकाशाबाबत फार बोलण्यासारखे नाही. अमेरिकेत विकले जाणारे यंत्र बहुधा उत्तर अमेरिकेचा नकाशा घेऊन येते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेले भारताचे नकाशे गार्मिनच्या यंत्रांसाठी फुकट मिळतात, ते मायक्रोएसडी कार्डावर टाकता येतात. म्हणून कार्डाची खाच असलेले यंत्र घ्यावे.

सहावी पायरी: परदेशातून आणताना एका अक्षराची काळजी

हा परिच्छेद कोणीही वगळू नये. जीपीएसमॅप 66-आय, 67-आय यांसारख्या ज्या यंत्रांच्या क्रमांकापुढे ‘आय’ आहे, ती उपग्रहाकडून संकेत घेतात आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवतातही. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय असे साधन भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे. अशी साधने जवळ सापडल्यामुळे विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतले गेले आहे. परदेशात ती उघड दुकानांत विकली जातात, आणि मुलगा किंवा सून प्रेमाने ‘जास्त चांगले’ म्हणून तेच घेऊन देते. तेव्हा खरेदी त्यांच्यावर सोपवत असाल, तर ‘आय नसलेले’ असे स्पष्ट लिहून कळवावे. जीपीएसमॅप 67 आणि 67-आय ही यंत्रे बाहेरून जवळपास सारखीच दिसतात, म्हणून खोके वाचल्याशिवाय ते सामानात भरू नये.

सातवी पायरी: यंत्र परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्यायची चाचणी

प्रथम अंकांची पद्धत जुळवावी. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत देतात, उदाहरणार्थ उत्तर 18° 31.245', पूर्व 073° 51.380'; आणि आधारप्रतल, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी मानलेला पृथ्वीचा आकार, डब्ल्यूजीएस-84 असते. हीच जागा, जी पुण्याच्या मध्यवस्तीत आहे, कोणी दशांश अंश समजून 18.31245 आणि 73.51380 अशी भरली, तर यंत्र नैऋत्येला सुमारे 43 किलोमीटरवर, तोरण्याच्याही पलीकडे घाटमाथ्यावर बोट दाखवते. ती चूक लगेच ध्यानात येते. अधिक फसवी चूक म्हणजे 31.245 हे 31 मिनिटे 24.5 सेकंद आणि 51.380 हे 51 मिनिटे 38.0 सेकंद असे वाचणे, कारण मग जागा अर्ध्या किलोमीटरनेच सरकते आणि आपण भलत्याच झुडपात तासभर हात घालत राहतो. दशांश मिनिटातला शेवटचा अंक अक्षांशात 1.85 मीटरांचा असतो आणि पुण्याच्या पातळीवर रेखांशात सुमारे 1.76 मीटरांचा, म्हणजे आकडेच त्याहून बारीक जागा सांगत नाहीत.

त्यानंतर गच्चीवर जावे. पाण्याच्या टाकीपासून आणि उंच भिंतीपासून दूर, मोकळ्या जागी खडूने फुली काढावी, तिच्यावर यंत्र पाच मिनिटे स्थिर ठेवून जागेची नोंद करावी आणि यंत्र बंद करावे. मग वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, भर दुपारी आणि रात्री असे पाच-सहा वेळा, फुलीकडे न पाहता यंत्राच्या सांगण्याप्रमाणे चालत जावे. ते ‘पोहोचलात’ म्हणेल तिथून फुलीपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. उपग्रह सतत जागा बदलत असतात, त्यामुळे एका वेळच्या मोजणीवरून काही ठरवू नये. सगळी अंतरे पाच मीटरांच्या आत आली, तर यंत्र उत्तम आहे. एखादेच 8 मीटरांवर गेले तर ते सोडून द्यावे. वारंवार दहाच्या वर जात असेल, तर आधी आतली प्रणाली अद्ययावत करावी, आणि तरीही फरक पडला नाही, तर यंत्र परत करावे. हीच चाचणी पुढे एखाद्या आमराईत, पानांच्या दाट छताखाली पुन्हा घ्यावी. आकडे वाढतील, पण किती वाढतात यावरून आपल्या यंत्राचा स्वभाव कळतो.

प्रत्यक्ष शोधताना हे ज्ञान असे वापरावे. डबा लपवणाऱ्याचे यंत्रही पाचेक मीटर चुकलेले असते आणि आपलेही. दोन्ही चुका मिळून सात मीटरांची तफावत सहज पडते, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेला असल्या तर दहा. म्हणून दहा मीटरांवर आल्यावर बाणामागे धावणे थांबवावे. दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे, मग पंधरा पावले मागे जाऊन वेगळ्या बाजूने पुन्हा जवळ यावे, आणि दोन्ही वेळी बाणाने दाखवलेल्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे यंत्र खिशात ठेवून डोळ्यांनी शोधावे. पावसाळ्यात दगडाच्या फटीत हात घालण्यापूर्वी काठी घालावी. तिथे साप असू शकतो.

पुढे स्वतः डबा लपवायचा असेल, तर यंत्रात जागेची सरासरी काढण्याची सोय हवी. किमान दीड तासाच्या अंतराने चार ते आठ वेळा नोंद घेऊन सरासरी जाहीर करावी, म्हणजे शोधणाऱ्याचे कष्ट निम्मे होतात. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे आणि जागेच्या मालकाची परवानगी लागते. संरक्षित गडांच्या तटबंदीत, लेण्यांत किंवा देवराईत डबा ठेवू नये, चिरा हलवून जागा करणे तर मुळीच नको. तिथे ‘अर्थकॅश’ हा प्रकार अधिक शोभतो: त्यात डबा नसतोच, येणाऱ्याने ठरलेल्या जागी उभे राहून खडकाचे निरीक्षण करायचे आणि प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात. त्यासाठीही वर सांगितलेलेच यंत्र चालते, फक्त घरी परतल्यावर ते पुसून, झाकण उघडून, सेल बाहेर काढून रात्रभर पंख्याखाली ठेवावे.